बोलका दुकानदार: छापील ‘खबरे’पासून व्हॉट्सॲपपर्यंत



आजचा विषय जाहीर झाला तेव्हा एक-दोघांनी विचारलं की तत्त्वज्ञान शिकवण्यात हयात घालवलेल्या माणसाला ब्लॉग, फेसबुक आणि घरबसल्या लोणची-कुर्ते विकणाऱ्यांशी काय कर्तव्य? कर्तव्य आहे. विक्रेत्याच्या बोलण्यावर विश्वास का ठेवायचा, हा प्रश्न तत्त्वज्ञानाइतकाच जुना आहे. सॉक्रेटिस आपले प्रश्न विचारत हिंडला तो काही मठात नव्हे, अथेन्सच्या भरबाजारात. आणि आपल्याकडे म्हण आहेच, बोलणाऱ्याची अंबाडी विकते आणि न बोलणाऱ्याचे गहूही विकत नाहीत. म्हण मोठी चतुर आहे. अंबाडी चांगली होती की जून, याबद्दल ती एक अक्षर बोलत नाही.

तेव्हा आज आपण बघणार आहोत ते या ‘बोलण्या’चा अलीकडचा इतिहास. छोट्या धंदेवाल्याला लिहून बोलायची सोय कधी झाली, ती त्याच्या हाती किती दिवस राहिली आणि मग तिचं भाडं कोण मागायला लागलं, एवढाच आजचा आवाका.

एक गोष्ट आधी ध्यानात घेऊ. समोरासमोरच्या बाजारात बोलणं दुतर्फी असतं. भाजीवाली बोलते, गिऱ्हाईक उलट बोलतं, शेजारची भाजीवाली मध्ये तोंड घालते. लेखन तसं नसतं. प्लेटोच्या ‘फीड्रस’ संवादात सॉक्रेटिसाची लेखनाबद्दल हीच तक्रार आहे. लेखन चित्रासारखं असतं, जिवंत दिसतं, पण त्याला काही विचारलं तर गप्प बसतं. छापील जाहिरात ही या गप्प लेखनाची शुद्ध जात. आणि आमच्या पुण्याच्या दुकानांवरच्या पाट्या तर त्याहून पुढे गेल्या. ‘आमची कोठेही शाखा नाही’ या पाटीत दुकानदाराचा आवाज पुरेपूर आहे, पण गिऱ्हाइकाने उत्तर द्यावं अशी अपेक्षा मुळीच नाही! (हशा)

आता, धंद्याने माल बाजूला ठेवून वाचकाशी काही उपयोगाचं बोलावं, ही कल्पना इंटरनेटची नाही. अमेरिकेत जॉन डिअर या शेतीअवजारांच्या कंपनीने १८९५ साली ‘द फरो’ नावाचं शेतकऱ्यांसाठीचं नियतकालिक काढलं. फ्रान्समध्ये मिशलँ बंधूंनी १९०० साली मोटारवाल्यांसाठी मार्गदर्शिका छापून फुकट वाटली. टायर विकायचे तर लोकांनी गाड्या फिरवल्या पाहिजेत, आणि फिरवायच्या तर जेवणाखाण्याची, दुरुस्तीची ठिकाणं ठाऊक पाहिजेत. सरळ हिशेब.

पण आपल्याला इतकं लांब जायचं कारण नाही. लक्ष्मणराव किर्लोस्करांचा आरंभ १८८८ साली बेळगावात सायकलच्या दुकानाने झाला. पुढे कडबा कापायचं यंत्र आलं, लोखंडी नांगर आला आणि १९१० साली औंध संस्थानच्या हद्दीत किर्लोस्करवाडी वसली. नांगराची अडचण अशी की तो चांगला होता, पण शेतकऱ्याच्या मनात बसलं होतं की लोखंडाने जमीन नासते. हा गैरसमज भाव कमी करून जात नाही, जाहिरातीत मोठी अक्षरं छापूनही जात नाही. तो बोलूनच जातो, आणि बोलायला वेळ लागतो. लक्ष्मणरावांचे पुतणे शंकरराव, म्हणजे आपले शंवाकि, यांनी १९२० साली ‘किर्लोस्कर खबर’ सुरू केलं. नाव बघा. खबर! कारखान्याची बातमी, मालाची माहिती गिऱ्हाइकांपर्यंत पोहोचवणारं पत्र. शंकरराव हाडाचे चित्रकार, त्यामुळे त्याला रूपही चांगलं मिळालं. नऊ वर्षांत ‘खबर’ गळून पडली आणि नुसतं ‘किर्लोस्कर’ राहिलं. १९३० साली ‘स्त्री’ आलं, १९३४ साली ‘मनोहर’. सावरकरांचे विज्ञाननिष्ठ निबंध ‘किर्लोस्कर’मध्ये आले. नांगर विकण्यासाठी निघालेलं पत्र महाराष्ट्रातल्या मध्यमवर्गाचं वैचारिक मासिक होऊन बसलं.

आम्हाला यातलं महत्त्वाचं वाटतं ते हे की मासिक कारखान्याचं होतं. कागद त्यांचा, छपाई त्यांची, वर्गणीदारांची यादीही त्यांची. टपालखात्याने कधी म्हटलं नाही की तुमच्या शंभर वर्गणीदारांपैकी सहा जणांनाच अंक देऊ, बाकीच्यांना हवा असेल तर जादा तिकीट लावा. हे वाक्य जरा लक्षात असू द्या.

मात्र ही गोष्ट कारखानदाराची. त्याच काळातल्या सातारच्या एखाद्या कंदी पेढेवाल्याला किंवा येवल्याच्या विणकराला मासिक काढणं कुठून परवडणार? त्याच्या वाट्याला पाटी, कॅलेंडर आणि जत्रेतली ओरड. ही स्थिती पाऊणशे वर्षं फारशी बदलली नाही.

बदलली ती १९९९ च्या आसपास. ‘वेबलॉग’ हा शब्द १९९७ च्या डिसेंबरात जॉर्न बार्जर या अमेरिकन माणसाने वापरात आणला. १९९९ साली पीटर मेरहोल्झ याने गमतीने त्याचे दोन तुकडे केले आणि ‘ब्लॉग’ उरलं. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये पायरा लॅब्ज या चिमुकल्या कंपनीने ‘ब्लॉगर’ ही सेवा सुरू केली. २००३ साली ती गूगलने विकत घेतली. तांत्रिकदृष्ट्या यात अचंबा करण्यासारखं काही नव्हतं. नवी नोंद वर, जुनी खाली, प्रत्येक नोंदीला स्वतःचा कायम पत्ता आणि खाली वाचकाला उत्तर लिहायला जागा. पण बघा, शेवटच्या दोन गोष्टींनी प्लेटोची तक्रार निम्मी निकालात काढली. लेखनाला आता प्रश्न विचारता येऊ लागला आणि ते उत्तर देऊ लागलं.

त्याच १९९९ साली चार अमेरिकनांनी ‘क्लूट्रेन मॅनिफेस्टो’ नावाचा जाहीरनामा काढला. मार्टिन ल्यूथरच्या नावावर पंच्याण्णव सिद्धांत आहेत म्हणून यांनीही पंच्याण्णवच मांडले. आशय असा की बाजार म्हणजे मुळात माणसांचं आपसातलं संभाषण. मधल्या काळात मोठ्या कंपन्यांनी त्याचं एकतर्फी भाषण करून टाकलं, आणि आता जाळ्यावर जमलेले लोक पुन्हा आपसात बोलू लागलेत, तेव्हा कंपन्यांनीही माणसासारखं बोलायला शिकावं. या चौघांतले डेव्हिड वाइनबर्गर हे तत्त्वज्ञानाचे पीएच.डी. आमच्या जातीची माणसं कुठे कुठे सापडतात बघा! (हशा)

हा जाहीरनामा मोठ्या कंपन्यांना उद्देशून होता. फायदा घेतला छोट्यांनी. यातलं एक उदाहरण आम्हाला फार आवडतं, म्हणून त्यावर थोडं रेंगाळू.

लंडनमध्ये सॅव्हिल रो नावाची गल्ली आहे. उंची सूट शिवणाऱ्यांची. तिथल्या अँडरसन अँड शेपर्ड या नामांकित पेढीत शिकलेला टॉमस मॅहन नावाचा कारागीर पुढे स्वतंत्र झाला. राहायला तो इंग्लंडच्या उत्तरेला, कंब्रियात. हा धंदा तोंडोतोंडी चालणारा. ओळखीतून गिऱ्हाईक यायचं. रस्त्यावरून जाणारा माणूस उत्तरेतल्या खेड्यात सूट शिवायला कशाला येईल? ह्यू मॅक्लाउड या व्यंगचित्रकार मित्राच्या मदतीने २००५ च्या जानेवारीत मॅहनने ‘इंग्लिश कट’ हा ब्लॉग सुरू केला. त्यात काय लिहिलं? सूट घ्या, असं लिहिलं नाही. कापड कसं बेततात, कॅनव्हास आत हाताने कसा टाचतात, खांदा कसा बसवतात, मापाला शिवलेला आणि तयार नमुन्यावरून बेतलेला यांत फरक काय, आणि हा फरक गिऱ्हाइकाने ओळखायचा कसा, हे लिहिलं. इतर चांगल्या शिंप्यांबद्दलही मोकळेपणाने लिहिलं. पिढ्यान्‌पिढ्या ज्या धंद्याने कुलूप लावून ठेवलेली विद्या, ती त्याने उघड्यावर मांडली. अमेरिकेतून मागण्या यायला लागल्या आणि मॅहन मापं घ्यायला न्यूयॉर्कच्या वाऱ्या करू लागला.

हे का चाललं, याची दोन कारणं. एक यांत्रिक. तेव्हाचं गूगल दुव्यांना मोल देत असे. कोणाच्या पानाकडे किती जण बोट दाखवतात, आणि बोट दाखवणारे स्वतः किती मानाचे, यावरून पानाचा क्रम ठरे. ब्लॉग लिहिणारे एकमेकांना सढळ हाताने दुवे देत. त्यामुळे खेड्यातला शिंपी बड्या पेढीच्या चकचकीत पण मुक्या संकेतस्थळाच्या वर दिसू शकत होता. दुसरं कारण नैतिक म्हणावं असं. जो माणूस गिऱ्हाइकाला माल पारखायला शिकवतो, तो स्वतःच्या फसवण्याच्या वाटा बंद करून घेतो. त्याच्यावर विश्वास बसायला तर्काचं पाठबळ आहे. गोड बोलण्याला ते नसतं.

इथे कांट आठवल्याशिवाय राहत नाही. १७८५ च्या नीतिशास्त्रावरच्या ग्रंथात त्याने एक दुकानदार उभा केला आहे. हा दुकानदार अजाण गिऱ्हाइकाकडूनही जादा पैसे घेत नाही. लहान पोर आलं तरी भाव तोच. कांट विचारतो, हा प्रामाणिक आहे म्हणून असं वागतो, की प्रामाणिकपणाने दुकान चांगलं चालतं म्हणून? बाहेरून दोन्ही सारखंच दिसतं. आमचे विद्यार्थी या उदाहरणावर दरवर्षी कुरकुरायचे. पोराला योग्य भावात साखर मिळाली ना, मग दुकानदाराच्या मनाशी काय करायचंय? तर ब्लॉगच्या इतिहासाने याचं उत्तर पाचेक वर्षांत दाखवून दिलं. प्रामाणिकपणा हे तंत्र ठरलं की ते विकत घेता येतं.

२००६ साली अमेरिकेत एका ब्लॉगची चर्चा झाली. एक जोडपं मोटारघर घेऊन देशभर हिंडतंय, रात्री वॉलमार्टच्या आवारात गाडी लावतंय आणि तिथल्या आनंदी नोकरांच्या गोष्टी लिहितंय. मोठं हृद्य! मग उघड झालं की प्रवासाचा खर्च वॉलमार्टची बाजू मांडण्यासाठी उभारलेल्या एका संघटनेने केला होता, आणि मागे होती एडलमन ही जनसंपर्काची मोठी कंपनी. तिच्या प्रमुखांना जाहीर दिलगिरी व्यक्त करावी लागली, तीही स्वतःच्या ब्लॉगवर. त्याच वर्षी लेखाला पैसे मोजून ब्लॉग लिहवून घेणाऱ्या सेवाही निघाल्या. टिप्पण्यांच्या जागी औषधांच्या आणि जुगाराच्या जाहिरातींचा चिखल इतका झाला की २००५ मध्येच गूगल, याहू आणि मायक्रोसॉफ्टने मिळून अशा दुव्यांचं मोल शून्य धरायची खूण काढली होती. २००९ साली अमेरिकेच्या व्यापार आयोगाने नियम केला की पैसे किंवा फुकट वस्तू घेऊन स्तुती करत असाल तर तसं सांगा. भारतात जाहिरात मानक परिषदेने इन्फ्लुएन्सर मंडळींसाठी अशी मार्गदर्शक तत्त्वं २०२१ साली आणली. मधल्या बारा वर्षांत काय काय खपलं असेल, ते ज्याचं त्याने आठवावं.

यात मार बसला तो खऱ्याला. कांटच्या दोन दुकानदारांत फरक करता येईनासा झाला की गिऱ्हाईक दोघांवरही संशय घेतं, आणि ज्याच्याजवळ शब्दाखेरीज भांडवल नाही त्याचं भांडवलच जातं.

आता दुसरा टप्पा, पेठेचा. हा शब्द आम्ही मुद्दाम वापरतो आहोत. पेशवाईत पुण्याला नवी पेठ वसवायची असली की सरकारातून कौल दिला जात असे. व्यापाऱ्यांनी यावं, घरं-दुकानं बांधावीत, काही वर्षं जकात-पट्टी माफ. पेठ भरली की मुदत संपे आणि वसुली सुरू होई. शेटे-महाजन व्यवस्था बघत. यात लबाडी नव्हती. मुदत कौलात लिहिलेली असे. आज उदीम मांडणाऱ्याला अमुक वर्षांनी काय द्यावं लागणार हे ठाऊक असे.

फेसबुकने २००७ च्या नोव्हेंबरात धंद्यांसाठी पानं सुरू केली. फुकट. छोट्या धंदेवाल्याला हे ब्लॉगपेक्षा किती सोपं! लांबलचक लिहायला नको, गिऱ्हाईक आधीच तिथे बसलेलं. एक फोटो टाकला, ‘लाईक’ करणाऱ्यांना तो दिसला. लोकांनी आपले ब्लॉग ओस टाकून पेठेत दुकानं थाटली. वर स्वतःच्या पैशाने पिशव्यांवर छापलं, ‘आम्हाला फेसबुकवर भेटा’. पेठ भरली. २०१२ साली कंपनी शेअर बाजारात आली. ओगिल्वी या जाहिरात कंपनीने शंभरावर पानं तपासली, तेव्हा २०१३ च्या ऑक्टोबरात पानाची नोंद सरासरी १२ टक्के चाहत्यांपर्यंत पोहोचत होती, आणि २०१४ च्या फेब्रुवारीत ती सहा टक्क्यांवर आली होती. बाकीच्यांपर्यंत जायचं? पैसे भरा. टपालखात्याचं ते वाक्य आठवलं?

कंपनीचं म्हणणं असं की लोक आणि पानं दोन्ही वाढली, प्रत्येकाच्या भिंतीवर जागा तेवढीच, तेव्हा निवड करावी लागते. यात तथ्य आहे. पण कौल लिहिलेला नव्हता, एवढं तर खरं? मुदत सांगितली नव्हती. आणि दुकानदाराने जमवलेली गिऱ्हाइकं दुकानदाराची नव्हतीच. त्यांचा पत्ता पेठेच्या मालकाकडे. दुकान हलवायचं म्हटलं तर यादी बरोबर नेता येत नाही. किर्लोस्करांच्या वर्गणीदारांच्या वहीत आणि पानावरच्या दहा हजार लाईकमध्ये हा फरक आहे, आणि आमच्या मते या साऱ्या इतिहासातला तोच सर्वांत मोठा फरक आहे.

पेठा उठतात तेही आपण पाहिलं. ऑर्कुट आपल्याकडे काय लोकप्रिय होतं! २०१४ च्या सप्टेंबरअखेर बंद. टिकटॉकवर भारत सरकारने २०२० च्या जूनअखेरीस बंदी घातली, तेव्हा कारणं राष्ट्रीय सुरक्षेची होती आणि त्यांच्याशी आज आपल्याला भांडायचं नाही. पण तिथे नाव कमावलेल्यांचं दुकान एका रात्रीत गेलं. मग इन्स्टाग्रामचे रील्स आले, त्यांच्यासाठी पुन्हा नव्याने सगळं. यातला कष्टाचा भाग कोणी मोजत नाही. ब्लॉगवरचा चांगला लेख दोन वर्षांनी शोधूनही कोणी वाचतो. रील दोन दिवसांत शिळी होते. घरी पापड-मसाले करणाऱ्या बाईला आता मसाला भाजायचा, पॅक करायचा, कुरियरला द्यायचा आणि वर रोज नाचून-बोलून दाखवायचं. नाही केलं तर यंत्र तिला खाली ढकलतं. आम्ही याला वेठ म्हणतो. हा शब्द कोणाला कडक वाटेल, वाटू द्या.

यावर आपल्याकडच्या लोकांनी शोधलेली एक वाट सांगतो आणि थांबतो. २०२० चा एप्रिल आठवा. टाळेबंदी, आणि ऐन मोसमात कोकणातला आंबा झाडावर. नेहमीची वाट म्हणजे पेटी वाशीच्या बाजारात, तिथून दलाल, तिथून किरकोळ विक्रेता. ती वाट अडखळली. तेव्हा रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या अनेक बागायतदारांनी थेट मुंबई-पुण्याच्या गृहसंकुलांशी संधान बांधलं, आणि साधन होतं व्हॉट्सॲप. फेसबुकने व्हॉट्सॲप २०१४ मध्येच विकत घेतलेलं. छोट्या धंद्यांसाठीचं वेगळं ‘व्हॉट्सॲप बिझनेस’ २०१८ च्या जानेवारीत आलेलं. त्यात मालाची यादी मांडता येते, ठरावीक उत्तरं तयार ठेवता येतात. पण खरी मेख आहे ती निरोपाच्या यादीत. एका यादीत २५६ जण, आणि ज्याने तुमचा नंबर स्वतःच्या फोनमध्ये जपून ठेवलाय त्यालाच निरोप पोहोचणार. म्हणजे गिऱ्हाइकाने आधी तुम्हाला ओळखीत घेतलं पाहिजे. ही अट अडचणीची वाटते, पण या अटीमुळेच ते जुन्या उधारीच्या वहीच्या जवळ जातं. गिऱ्हाईक नावानिशी ठाऊक, मागच्या वर्षी किती डझन घेतले ते ठाऊक.

आणि बागायतदार त्या निरोपांत काय पाठवत होते? कलमांचे फोटो, अढीचे फोटो, पेंढ्यात आंबे कसे लावतात, कोणत्या दिवशी खायला काढावा, कर्नाटकातला आंबा हापूसच्या नावाने येतो तो सालीवरून, देठाजवळच्या आकारावरून आणि वासावरून कसा ओळखायचा. २०१८ साली हापूसला भौगोलिक मानांकन मिळालं होतं, पण शिक्का पेटीवर असतो, आंब्यावर नसतो. म्हणून पारख शिकवणं आलं. मॅहनचं नावही न ऐकलेल्या माणसांनी नेमकं मॅहनचंच केलं.

अर्थात पेठेचा मालक इथेही तोच आहे. २०२१ च्या ४ ऑक्टोबरला फेसबुक, इन्स्टाग्राम आणि व्हॉट्सॲप तिन्ही एकदम सुमारे सहा तास बंद पडली. नवरात्र तोंडावर आणि त्यामागोमाग दिवाळीच्या फराळाच्या मागण्या घेण्याचे दिवस. त्या रात्री ज्यांनी गिऱ्हाइकांचे नंबर कागदावर उतरवून ठेवले होते त्यांना साधा फोन करता आला. बाकीचे पडद्याकडे बघत बसले.

आता प्रश्न घेऊ. मागच्या रांगेतल्या ताईंचा हात बराच वेळ वर आहे, आधी त्यांना माईक द्या.